गाडी चालवणाऱ्याला कोणी विचारले?

परवा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले, "नियोजन म्हणजे काय?" पुस्तकातली व्याख्या तोंडपाठ होती, ती म्हणून टाकली. उपलब्ध साधनांची उद्दिष्टांशी सांगड, वगैरे. सर खूश झाले आणि मी खाली बसलो. पण बसता बसता मनात आले, की आमच्या संध्याकाळच्या गाडीचे जे झाले त्यालाही कुठल्यातरी कागदावर नियोजनच म्हटले असणार. त्या गाडीविषयीच लिहावे म्हणून हा लेख. मी वाहतूकशास्त्राचा जाणकार नाही, वाणिज्य शाखेचा साधा विद्यार्थी आहे. मात्र बारावीनंतर रोज दोन वेळा गाडीत उभा राहून जे शिकलो ते कुठल्या पेपरात विचारत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

मी बेळगावच्या पश्चिमेकडून, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूने कॉलेजला येतो. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची अशी गावे मागे टाकत हा रस्ता शिनोळीपाशी महाराष्ट्रात शिरतो. हद्द ओलांडल्याचे कळते ते पाट्यांवरची लिपी बदलते म्हणून. भात आणि रताळी दोन्हीकडे सारखीच. माझे गाव अलीकडे, मावशीचे पलीकडे, चंदगड तालुक्यात. पुष्कळांना ठाऊक नसते, की चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड वगळून. मावशीचे सासर आणि माहेर एका जिल्ह्यातून दोन राज्यांत गेले ते असे. बाजार, दवाखाना, कॉलेज मात्र जिथे होते तिथेच, म्हणजे बेळगावात राहिले. माणसेही पूर्वीसारखीच येत राहिली, आणि त्यांची ने-आण करायला दोन राज्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावू लागल्या.

माझी मावसबहीण याच रस्त्याने बी.एस्सी.ला येत होती. तिचे प्रात्यक्षिक पाचला सुटे आणि सहा-दहाची गाडी तिला घरी पोचवी. एका जून महिन्यात ती गाडी सहा-दहाऐवजी पाच-पाचला सुटू लागली. बदल तासाभराचा, कागदावर एका रेघेचा. पाचला प्रयोगशाळेतून निघून पाच मिनिटांत स्टँड गाठणे कोणालाच शक्य नव्हते. पुढची गाडी पावणेआठची. पावसाळ्यात त्या वेळी फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालायचे, म्हणजे काकांचा जीव टांगणीला. काही दिवस ती वडापने गेली. जीपमध्ये चौदा माणसे आणि मागे लटकलेली तीन. सत्र संपले आणि काकांनी सांगितले, "पुरे आता." आज ती काजूच्या कारखान्यात गर निवडते. वर्गात तिचा दुसरा नंबर होता.

तो निर्णय कुठल्या राज्याच्या कुठल्या कार्यालयाने घेतला हे मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्या भागात नाव लिहिले की निम्मे वाचक मुद्दा सोडून नावाकडे बघतात, आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी भांडतात.

बरेच दिवसांनी त्याच गाडीच्या वाहकाशी बोलणे झाले. हे बोलणे कन्नडमध्ये झाले. इथे मराठीत देतो, कन्नड विभागातल्या मित्रांनी चुका काढल्यास हरकत नाही. ते म्हणाले, "तम्मा, ती मुलगी यायची थांबली ना? वेळ बदलली त्याच दिवशी मी ड्रायव्हरला म्हटलं होतं, आता ही सात-आठ पोरं गळणार."

मी विचारले, "अण्णा, मग तुम्ही वर सांगितलं नाही?"

ते हसले. "मला विचारलं कुणी? वेळापत्रक छापून येतं. आम्ही ते भिंतीवर चिकटवतो."

त्यानंतर मी या गोष्टीचा हिशेबाच्या अंगाने विचार करू लागलो. शेवटी आमचा विषय तोच. गाडीची फेरी ठेवायची की नाही हे भारमानावर आणि दर किलोमीटरच्या उत्पन्नावर ठरते. हे आकडे तिकिटाच्या यंत्रातून निघतात. यंत्र खोटे बोलत नाही, हे खरे. पण त्याला जे विचारले तेवढेच ते सांगते. किती तिकिटे फाडली, कुठून कुठे, किती रुपयांची. पासवाल्या विद्यार्थ्याचे भाडे आधीच भरलेले असते, त्या फेरीच्या रोकडीत तो दिसत नाही. चाळीस पोरे दाराला लोंबकळत असली तरी त्या फेरीची पिशवी हलकीच. आणि गाडी भरली म्हणून जो थांब्यावरच राहिला, ज्याला "जागा इल्री" असे ऐकून परत फिरावे लागले, तो तर कुठल्याच यंत्रात नाही. तो फक्त वाहकाच्या डोळ्यांत असतो. कारण दार त्यानेच लावलेले असते.

आपल्या रस्त्यावर याहून मजेदार एक गोष्ट घडते. महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे केले. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास दिला. दोन्ही योजनांनी पुष्कळ बायका घराबाहेर पडल्या, त्याबद्दल मी आनंदीच आहे. पण सवलत आपापल्या राज्यापुरती. परिणाम असा, की अलीकडच्या थांब्यावर एस.टी. आली तर आमची आज्जी हलत नाही. ती कर्नाटकाच्या गाडीची वाट बघते, कारण तिथे शून्याचे तिकीट. एस.टी. रिकामी पुढे जाते आणि मागून येणारी गाडी श्वास घ्यायला जागा नाही अशी भरते. आता दूरच्या कार्यालयात बसलेला माणूस एस.टी.चे आकडे बघून म्हणणार, या भागात प्रवासी नाहीत, फेरी कमी करा. आणि दुसऱ्या कार्यालयातला म्हणणार, प्रवासी फार झाले, पण गाड्या कुठून आणू? दोघांचेही आकडे बरोबर आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा. दोन वाहकांना चहाच्या टपरीवर एकत्र बसवले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. ते दोघे रोज तसे बसतातही. फक्त त्यांचे बोलणे कुठल्या इतिवृत्तात येत नाही.

कोणी म्हणेल, अहो, मग त्यांना समितीवर घ्या, झाले. इथे मला एक नवलाची गोष्ट सापडली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ६८ वाचून पाहा. परवाने देणारे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण या कलमान्वये बनते. अध्यक्षाला न्यायदानाचा किंवा तत्सम कामाचा अनुभव हवा. आणि पुढे असे आहे, की ज्याचा कुठल्याही वाहतूक उपक्रमात मालक, नोकर किंवा अन्य नात्याने आर्थिक संबंध आहे, त्याला या प्राधिकरणावर नेमता येत नाही. म्हणजे बस चालवणाऱ्याला आपण नुसते विसरलो नाही, कायद्याने दाराबाहेर ठेवले आहे.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला. नंतर विचार केल्यावर वाटले, कायदा करणाऱ्याचे चुकले नाही. परवाना देणे हा एक प्रकारचा निवाडा आहे. ज्याच्या गाड्या त्या रस्त्यावर धावतात त्यानेच दुसऱ्याच्या परवान्याचा निवाडा केला तर फिर्यादीच न्यायाधीश होईल. पण निवाडा वेगळा आणि आखणी वेगळी. कुठल्या गावातून किती पोरे कॉलेजला जातात, थांबा वळणाच्या अलीकडे हवा की पलीकडे, शाळा सुटते कधी, आठवड्याचा बाजार कोणत्या वारी, हे सांगायला वाहकाला बसवले तर कोणाच्या न्यायबुद्धीला धक्का लागतो? आपल्याकडे निवाड्याच्या खुर्चीवर बसू नको म्हटले, आणि आखणीच्या बाकावरही जागा ठेवली नाही.

अमेरिकेत याच्या उलट कायदा झाल्याचे वाचनात आले. तिथे १९६२ सालच्या कायद्याने असे ठरले, की पन्नास हजारांहून मोठ्या नागरी भागाला रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर राज्याने आणि स्थानिक संस्थांनी मिळून, सतत चालणारे, सर्वांगीण नियोजन केले पाहिजे. त्यासाठी पुढे प्रत्येक महानगर क्षेत्राला एक नियोजन संस्था आली. पण तिच्या मंडळावर बसत बहुधा महापौर आणि परगण्यांचे पुढारी. बस चालवणारी संस्था पुष्कळ ठिकाणी बाहेरच असे, आणि पैसा साहजिकच रस्त्यांकडे वळे. शेवटी २०१२ सालच्या कायद्याने सांगितले, की दोन लाखांवर वस्तीच्या क्षेत्रातल्या अशा मंडळावर सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्यांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. पन्नास वर्षे लागली त्यांना हे सुचायला. तरीही तो देश मोटारींचाच आहे आणि बसची अवस्था तिथे फार हेवा करण्यासारखी नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर आमच्यातले काही जण अमेरिकेचे नाव आले की माना डोलवतात.

मला त्यातले जास्त आवडले ते कॅन्सस सिटीचे उदाहरण. हे शहर मिसुरी आणि कॅन्सस या दोन राज्यांच्या हद्दीवर पसरले आहे. तिथे स्टेट लाइन रोड नावाचा रस्ताच आहे, एका बाजूची घरे एका राज्यात आणि समोरची दुसऱ्या. १९६५ साली त्या दोन राज्यांनी आपसात करार करून बसवाहतुकीसाठी एक सामाईक संस्था उभी केली. हद्द हलवली नाही, कुठली बाजू कोणाची हा प्रश्नही काढला नाही. बस मात्र दोघांची केली.

इथे असे म्हटले की लगेच कपाळावर आठ्या दिसतात. दिसोत. मराठी शाळेत शिकलो, कन्नड गल्लीत खेळताना शिकलो. दोन्हीकडच्या वाहकाला त्याच्या भाषेत नमस्कार करता येतो एवढाच माझा अधिकार. डिसेंबर २०२२ मध्ये दोन राज्यांत वातावरण तापले तेव्हा गाड्या हद्दीवर थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि त्या वेळी तर आपल्याच तालुक्यात एका वाहकाला भाषेच्या वादातून मारहाण झाली होती. पाठोपाठ दुसऱ्या राज्याच्या चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले. मोठमोठ्या माणसांच्या वादात हात उगारला जातो तो खाकी कपड्यातल्या माणसावर, कारण तो रोज ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी सापडतो. गाडी सुरू ठेवायची की थांबवायची, कोणत्या गावापर्यंत नेणे सुरक्षित आहे, हेही त्यालाच सर्वांत आधी कळते. त्या दिवसांत आमच्या गावच्या पोरांना कॉलेजला जाता येईल की नाही ही बातमी आम्हाला वर्तमानपत्रातून नव्हे, आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या चालकाकडून मिळे.

मुक्कामाच्या गाडीवरून आठवले. आपल्याकडे तिला वस्तीची गाडी म्हणतात, कन्नड मंडळीही वस्तीच म्हणतात. रात्री शेवटच्या गावाला जाऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे दूधवाले, कॉलेजवाले, कचेरीवाले यांना घेऊन निघणारी ही गाडी म्हणजे खेड्याचा जीव. पण चालक-वाहकांना विचारा, त्यांना ती नको असते. झोपायचे गाडीतच किंवा देवळाच्या ओवरीवर, पहाटे आंघोळीचे हाल, डास वेगळे. त्यांच्या मताने कारभार चालवायचा तर वस्तीच्या साऱ्या गाड्या उद्या बंद होतील. तेव्हा विचारणे म्हणजे ऐकलेच पाहिजे असे नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. वाहकाला आपला रस्ता दिसतो, सगळा प्रदेश दिसत नाही. पण त्याला विचारले म्हणजे हे तरी कळते, की वस्तीची गाडी टिकवायची असेल तर गावाने एक खोली, एक बंब पाणी आणि एक बादली द्यायला हवी. आमच्या गावाने ते केले. खर्च किरकोळ आला. वेळापत्रकाच्या कुठल्याही तक्त्यात त्या बादलीला रकाना नाही.

थांब्यांचेही तेच. आमच्या रस्त्यावर एक सुंदर निवारा बांधलेला आहे, लाद्या, बाकडी, वर पुढाऱ्यांची नावे. गाडी तिथे थांबत नाही. तो ऐन उतारावरच्या वळणावर आहे, आणि भरलेली गाडी तिथे थांबवली तर मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. चालक गाडी शंभर पावले पुढे, वडाखाली थांबवतात. माणसे वडाखाली पावसात उभी आणि निवाऱ्यात शेळ्या. पाया खणण्यापूर्वी एखाद्या चालकाला त्या जागी पाच मिनिटे नेले असते तर शेळ्यांची गैरसोय झाली असती, एवढेच.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी एकत्रित वाहतूक प्राधिकरण असावे असे म्हटले आहे. बेंगळुरूसाठी तसा कायदाही झाला आहे. आपले बेळगाव त्या संख्येच्या बरेच खाली. स्मार्ट शहरांच्या २०१६ च्या पहिल्या यादीत आपले नाव होते, पण स्मार्ट शहराची हद्द महापालिकेपाशी संपते आणि आमची गाडी तर तिथून पुढे सुरू होते. आम्ही मधलेच. शहराच्या आराखड्यात खेडे म्हणून नाही, एका राज्याच्या आराखड्यात दुसऱ्या राज्याचे म्हणून नाही.

दोन राज्यांतल्या फेऱ्या परस्पर कराराने ठरतात, आणि त्यात दोघांच्या गाड्यांनी एकमेकांच्या हद्दीत जवळपास सारखे किलोमीटर चालावे हे पाहिले जाते. आमच्या ताळेबंदासारखेच, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे. किलोमीटर जुळतात, मावसबहिणीचे प्रात्यक्षिक त्यात कुठे बसते ते मला सापडले नाही. पण याच कायद्याच्या कलम ८८ मध्ये एक खिडकी उघडी आहे. दोन राज्यांना असा करार करायचा असेल तर त्याचा मसुदा राजपत्रात आणि त्या भागातल्या देशी भाषेच्या वर्तमानपत्रात छापावा लागतो, लोकांना म्हणणे मांडायला मुदत द्यावी लागते, आणि त्या म्हणण्याचा विचार कुठे, केव्हा, कोण करणार हेही सांगावे लागते. आपण वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरातली सूचना वाचतो का? मी आजवर कधी वाचली नव्हती. इथे प्राध्यापकांना विनंती आहे, की दिवाळी अंकाच्या जाहिरातींसाठी आम्हाला गावभर फिरवता, तसे एकदा ती सूचना शोधायलाही बसवावे.

माझी मागणी मोठी नाही. नवे प्राधिकरण नको, नवी इमारत तर नकोच. वर्षातून एकदा, जूनची वेळापत्रके ठरण्याआधी, एप्रिलमध्ये, या रस्त्यावरच्या दोन्ही राज्यांच्या आगारांतले दोन-दोन चालक-वाहक, स्टँडावरचे वाहतूक नियंत्रक, शाळा-कॉलेजांचे कोणी, हद्दीच्या दोन्ही अंगांच्या पंचायतींचे कोणी, असे एका टेबलाभोवती बसावेत आणि जे बोलले जाईल ते दोन्ही भाषांत लिहून वर जावे. वडापवाल्यांनाही बोलवावे असे माझे मत आहे. हे कोणालाच रुचणार नाही. महामंडळांच्या लेखी ते चोर आहेत. पण संध्याकाळी साडेसहाला फाट्यावर किती माणसे तिष्ठत असतात हे त्यांच्याइतके नेमके कोणाला ठाऊक आहे? त्यांचे पोट त्या आकड्यावरच चालते. आणि त्या दिवशी या सगळ्यांना कामावर हजर समजून पूर्ण पगार द्यावा. रजा काढून सल्ला द्यायला कोणी येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षाही करू नये.

मी आपल्यापुरती सुरुवात केली आहे. आम्ही एकवीस विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंच्या आगारांना द्यायचा अर्ज तयार केला, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. पहिले नाव मावसबहिणीचे आहे. गाडी मिळाली तर ती पुन्हा प्रवेश घेणार आहे, काकांनी तसे कबूल केले आहे. अर्जात मी लिहिले होते, प्रात्यक्षिक पाचला सुटते, सबब गाडी सव्वापाचला सोडावी. स्टँडासमोरच्या टपरीवर तो कागद आधी आमच्या अण्णांना दाखवला. शेजारी एस.टी.चे मास्तर चहा पीत होते, त्यांनीही मान वाकवली.

मास्तर म्हणाले, "सव्वापाचला आमची गाडी असते की रे. ती फाट्यावरून दुसऱ्या गावाला वळते, पण तोवर रस्ता एकच. दोन गाड्या एकामागं एक पळतील, दोन्ही अर्ध्या."

अण्णांनी थोडा विचार केला. "पाच-चाळीस लिही. शिनोळीत कारखान्यांची पाळी सहाला सुटते. सव्वासहाला गाडी तिथे पोचली तर पुढच्या गावांचे कामगार तिकीट काढून चढतील. पिशवी भरलेली दिसली, की मग ती वेळ कोणी हलवत नाही."

पासवाल्या पोरांची गाडी तिकिटवाल्या कामगारांनी टिकवायची, हे खर्चलेखापालनाच्या दोन सत्रांत मला सुचले नव्हते. मी मास्तरांचे पेन घेतले आणि दोन्ही कागदांवरचे सव्वापाच खोडून पाच-चाळीस केले.